गोड गोळ्या आणि मुकी जनावरे

‘डॉक्टर, जनावराला होमिओपॅथीच्या गोळ्या चालतात का?’ हा प्रश्न अलीकडे मला जितक्या वेळा विचारला जातो, तितका दुसरा कोणताच विचारला जात नाही. जानेफळच्या बाजारात भेटणारा शेळ्यावाला विचारतो, दोन म्हशींवर घर चालवणारी बाई विचारते आणि हौसेने अल्सेशियन पाळणारे गुरुजीही विचारतात. कुणाच्या हातात काचेची छोटी शिशी असते, कुणाकडे मोबाईलवर आलेला निरोप असतो. मी पशुवैद्यक आहे. त्यामुळे माझे उत्तर एका शब्दात ‘नाही’ असेच असणार, अशी विचारणाऱ्याची समजूत असते. पण हा विषय एका शब्दात आटोपण्यासारखा नाही. गोठ्यातली एक म्हैस म्हणजे आपल्याकडे वर्षभराची मुलांची फी, किराणा आणि बँकेचा हप्ता असतो. म्हणून या आठवड्यात या प्रश्नाचा जरा सविस्तर विचार करू.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, लोक या गोळ्यांकडे वळतात ते अडाणीपणामुळे नव्हे. त्यामागे कारणे आहेत. गोळ्या स्वस्त असतात. गोड असल्यामुळे कुत्रे किंवा वासरू त्या खळखळ न करता खाते. सुई टोचावी लागत नाही, चार माणसांनी जनावर धरावे लागत नाही. पशुवैद्य कधी दौऱ्यावर असतो, कधी एकाच डॉक्टरकडे दोन-तीन दवाखान्यांचा कारभार असतो. होमिओपॅथीचे दुकान मात्र रात्री आठपर्यंत उघडे असते. शिवाय दुसऱ्या बाजूचे अनुभवही लोकांनी घेतलेले आहेत. साध्या दुखण्याला भारी इंजेक्शने, त्यांचा खर्च आणि त्यानंतर काही दिवस फेकावे लागणारे दूध यांना माणूस कंटाळतो. या तक्रारी खोट्या आहेत असे मी म्हणणार नाही.

आमच्या औषधांनीही नुकसान केलेले आहे. जनावरांच्या दुखण्यावर सर्रास दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या ढोराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि देशातली गिधाडे झपाट्याने संपत गेली. २००६ साली सरकारला जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घालावी लागली. प्रतिजैविके वारेमाप वापरल्यामुळे जंतू त्यांना दाद देईनासे होतात, हा धोका तर माणसांपर्यंत येऊन पोहोचला आहे. तेव्हा ‘अॅलोपॅथी सगळी चांगली, बाकी सगळे थोतांड’ असा पवित्रा घेऊन मी लिहीत नाही. प्रश्न एवढाच आहे की, त्या शिशीतल्या गोळीने आपले जनावर खरोखर बरे होते का?

गोळीत असते काय?

होमिओपॅथीचे जनक जर्मन डॉक्टर सॅम्युअल हानेमान. जन्म १७५५, मृत्यू १८४३. जे द्रव्य निरोगी माणसात एखादे लक्षण निर्माण करते, तेच द्रव्य अत्यल्प प्रमाणात दिले तर तसेच लक्षण असलेला रोग बरा करते, हा त्यांचा सिद्धांत. त्यांचा ‘ऑर्गेनॉन’ हा ग्रंथ १८१० साली प्रसिद्ध झाला. जनावरांसाठी या पद्धतीचा पुरस्कार लाइपझिगचे पशुवैद्य विल्हेल्म लुक्स यांनी केला. त्यांचे या विषयावरील पुस्तक १८३३ सालचे आहे. म्हणजे जनावरांची होमिओपॅथी ही कालपरवाची टूम नाही. तिला जवळजवळ दोनशे वर्षे झाली. हानेमानच्या काळी माणसांचे आणि जनावरांचे रक्त काढणे, पाऱ्याची औषधे देणे असे अघोरी उपाय चालत. त्या उपायांपेक्षा काही न करणारी गोळी बरी ठरली असेल तर नवल नाही.

आता औषध तयार कसे होते ते पाहू. मूळ अर्काचा एक थेंब घेऊन तो नव्याण्णव थेंब अल्कोहोलमध्ये मिसळतात आणि ठरावीक पद्धतीने हलवतात. ही झाली पहिली पायरी. त्यातला एक थेंब पुन्हा नव्याण्णव थेंबांत, ही दुसरी. शिशीवर ३० लिहिलेले असेल तर हे तीस वेळा केलेले असते. ढोबळ हिशेब करायचा तर सातव्या पायरीलाच अर्काचा एक थेंब आपल्या लोणारच्या सरोवरात टाकल्याइतका विरळ झालेला असतो. बाराव्या पायरीनंतर मूळ द्रव्याचा एक कणही शिल्लक राहण्याची शक्यता उरत नाही. तिसाव्या पायरीला विरळपणा एकावर साठ शून्ये इतका होतो. त्यानंतर तो द्रव साखरेच्या गोळ्यांवर टाकतात आणि वाळवतात.

होमिओपॅथीच्या अभ्यासकांचे म्हणणे असे की, द्रव्य उरले नाही तरी हलवण्यामुळे त्याची शक्ती उतरते. रसायनशास्त्राला मात्र अशी शक्ती कुठे सापडलेली नाही. म्हणून या वादात न शिरता साधी कसोटी लावावी: गोळी दिलेली जनावरे आणि तशीच दिसणारी कोरी गोळी दिलेली जनावरे यांच्यात फरक पडतो का?

तपासणी काय सांगते?

असे प्रयोग झालेले आहेत. नॉर्वेमध्ये कासदाह, म्हणजे आपण ज्याला दगडी म्हणतो, तो झालेल्या ५७ गायींवर एक प्रयोग झाला. त्याचा अहवाल २००४ साली प्रसिद्ध झाला. काही गायींना होमिओपॅथी, काहींना प्रतिजैविक आणि काहींना कोरे औषध दिले. होमिओपॅथी आणि कोरे औषध यांत ठरण्याजोगा फरक आढळला नाही. याच्या उलट निष्कर्षही आहे. हॉलंडमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गाभण डुकरिणींना होमिओपॅथिक औषध दिल्यावर त्यांच्या पिलांत हगवण कमी दिसली. पुरस्कर्ते हा दाखला नेहमी देतात आणि तो देण्याचा त्यांना हक्क आहे.

पण एका प्रयोगावर औषध ठरत नाही. तोच प्रयोग दुसऱ्याने, दुसऱ्या ठिकाणी केला तर तोच निकाल आला पाहिजे. जर्मनीतील दोन संशोधकांनी १९८१ ते २०१४ या काळातील दूध, मांस आणि अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांवरचे ५२ प्रयोग एकत्र तपासले आणि २०१६ साली निष्कर्ष मांडला. २८ प्रयोगांत होमिओपॅथीच्या बाजूने काही फरक दिसला होता, २२ प्रयोगांत दिसला नव्हता. मात्र यातला एकही प्रयोग तशाच परिस्थितीत पुन्हा करून पाहिलेला नव्हता. मॅथी आणि क्लॉसेन या दोघांनी २०१४ व २०१५ साली केलेल्या छाननीतही विश्वास ठेवावा असे प्रयोग अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले आणि कोऱ्या गोळीपेक्षा होमिओपॅथी सरस असल्याचा पुरावा फारच तोकडा ठरला. विशेष म्हणजे ही छाननी करणारे मॅथी होमिओपॅथीच्याच संशोधन संस्थेत काम करणारे होते. ब्रिटनमधील पशुवैद्यकांच्या रॉयल कॉलेजने २०१७ साली जाहीर केले की, या उपचाराला मान्य असा पुराव्याचा आधार नाही.

काही वाचक म्हणतील, ‘मग युरोपात सेंद्रिय गोठ्यांमध्ये होमिओपॅथी कशी चालते?’ चालते, हे खरे आहे. युरोपीय संघाच्या सेंद्रिय पशुपालनाच्या नियमांत वनस्पतिजन्य आणि होमिओपॅथिक औषधांना आधी पसंती द्यावी असे म्हटले आहे. पण त्याच नियमात हेही आहे की, ती त्या जनावरावर आणि त्या रोगावर परिणामकारक असली पाहिजेत. गुण येत नसेल तर जनावराला यातनेत ठेवू नये, पशुवैद्याच्या जबाबदारीवर नेहमीचे औषध द्यावे. नियमाचे पहिले वाक्य सांगायचे आणि दुसरे गाळायचे, हे बरोबर नाही.

मग गुण आला तो कशाने?

इथे नेहमी एक प्रश्न येतो आणि तो बिनतोड वाटतो. ‘माणसाला मनाच्या विश्वासाने गुण येत असेल, पण मुक्या जनावराला काय कळते? त्याला गुण आला म्हणजे औषध खरेच असले पाहिजे.’

जनावराला कळत नाही, हे खरे. पण बरे वाटले की नाही हे सांगणारे जनावर नसते, मालक असतो. अमेरिकेत सांधेदुखीने लंगडणाऱ्या ५८ कुत्र्यांची पाहणी झाली. ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. या कुत्र्यांना कोरे औषध दिले होते. पायावर पडणारा भार यंत्राने मोजला जात होता. तरीही सुमारे ४० टक्के वेळा मालकांना कुत्रे सुधारल्याचे वाटले, यंत्र मात्र तसे सांगत नव्हते. आणि गंमत म्हणजे तपासणारे पशुवैद्यही तितकेच फसले. तेव्हा डोळ्यांवर आणि मायेवर सगळा भरवसा टाकून चालत नाही. ना तुमच्या, ना माझ्या.

दुसरे कारण रोगाचा स्वभाव. कालवडीच्या सडावर आणि मानेवर चामखिळी येतात. त्यावर ‘थुजा’ हे होमिओपॅथिक औषध देण्याची पद्धत आहे आणि दोन-तीन महिन्यांत चामखिळी गळूनही पडतात. परंतु चामखीळ हा विषाणूचा प्रकार आहे. जनावराच्या अंगात त्याविरुद्ध ताकद तयार झाली की बहुतेक चामखिळी काही महिन्यांत आपोआप गळतात. थुजा दिला तरी गळतात, न दिला तरी गळतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते.

याहून मोठा दाखला २०२२ सालचा. लम्पी त्वचा रोगाने त्या वर्षी आपला बुलडाणा जिल्हा, अकोला, जळगाव, अमरावती असा सगळा पट्टा हादरवला. गुरांचे बाजार बंद झाले. अंगभर गाठी, पायाला सूज, नाकातोंडातून पाणी गाळणारी गुरे पाहून शेतकऱ्याचे काळीज तुटत होते. त्या दिवसांत गोळ्यांची, काढ्यांची आणि मंत्रांची नावे मोबाईलवरून गावोगाव फिरली. या रोगात साधारणपणे शंभरातली एक ते पाच जनावरे दगावतात, बाकीची दोन-तीन आठवड्यांत हळूहळू सावरू लागतात. मधल्या काळात ज्याने जे दिले, त्याला त्याचे श्रेय मिळाले. पण जी साथ आटोक्यात आली, ती शेळ्यांच्या देवीची लस गावोगाव टोचल्यामुळे आणि गोठ्यातल्या माश्या, गोचीड, डास यांचा बंदोबस्त केल्यामुळे. ज्यांनी लशीऐवजी गोळीवर भिस्त ठेवली, त्यांच्यातल्या ज्यांचे जनावर गेले, ते बाजारात येऊन काही सांगत नाहीत. बरे झालेल्यांचेच बोलणे आपल्या कानी येते.

तिसरे कारण असे की, गोळीबरोबर आपण इतर गोष्टीही करतो. जनावर आजारी पडले की त्याला सावलीत बांधतो, मऊ हिरवा चारा घालतो, कामाला जुंपत नाही, वेळेवर पाणी दाखवतो. या शुश्रूषेने अनेक किरकोळ दुखणी बरी होतात. मानाचा फेटा मात्र गोळीला बांधला जातो.

झाडपाला वेगळा, होमिओपॅथी वेगळी

आपल्याकडे आणखी एक गफलत होते. झाडपाला, आयुर्वेद आणि होमिओपॅथी हे सगळे ‘साइड इफेक्ट नसलेले’ म्हणून एकाच टोपलीत टाकले जाते. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम वाटून कासेला लेप लावण्याचा उपाय राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही दगडीसाठी सुचवलेला आहे. त्याचा गुण किती, हा स्वतंत्र विषय. पण त्यात हळद हळदीइतकी आणि चुना चुन्याइतका असतो. ३० किंवा २०० नंबरच्या गोळीत साखरेशिवाय काही सापडत नाही. दोन्हींची गणना एकत्र करू नये.

उलट बाजूही ध्यानात ठेवावी. होमिओपॅथीची सगळीच औषधे निरुपद्रवी नसतात. ‘मदर टिंक्चर’ म्हणून मिळणारा मूळ अर्क आणि अगदी कमी नंबरची औषधे यांत द्रव्य खरोखर असते. बचनाग, कुचला, सोमल यांपासून केलेल्या अशा औषधांचा डोस जनावरासाठी अंदाजाने वाढवणे म्हणजे विषाशी खेळ आहे. शिवाय द्रव औषधात अल्कोहोल असते. मांजर आणि लहान पिल्लू यांना ते थेट पाजू नये.

खरे नुकसान वेळेचे

माझा मुख्य आक्षेप गोळीच्या दहा-वीस रुपयांवर नाही. आक्षेप आहे तो तिच्यापायी जाणाऱ्या वेळेवर.

व्यायल्यानंतर एक-दोन दिवसांत चांगली दुधाची गाय अचानक थरथरते, बसते आणि मान पोटाशी वळवून पडून राहते. हा दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी अंग गार पडलेले असते. रक्तातले कॅल्शियम उतरलेले असते. पशुवैद्याने शिरेतून कॅल्शियम दिले तर तीच गाय पुष्कळदा तासा-दोन तासांत उभी राहते. न दिले तर रात्रीत मरते. या गायीला ‘सकाळपर्यंत गोळ्या देऊन पाहू’ म्हणणे म्हणजे तिला सोडून देणे आहे.

पावसाळ्यात घटसर्प येतो. सणसणीत ताप, घशाला सूज, घरघर, आणि एका दिवसात जनावर आडवे. सुरुवातीच्या तासांतच योग्य प्रतिजैविक मिळाले तर आशा असते. गोचीड तापात लघवी लाल होते किंवा डोळ्यांच्या कडा पांढऱ्या पडतात. या रोगावर नेमकी औषधे आहेत आणि ती वेळेवर लागतात. दगडीत दोन दिवस गेले तर सड कायमचे जाते. म्हशीची किंमत तिथेच निम्म्यावर येते. पोटफुगी, अडलेली गाय, मायांग बाहेर येणे, सर्पदंश यांत तर तासांचा हिशेब असतो. कुत्र्याच्या पिल्लाला पार्व्हो झाला, म्हणजे उलट्या आणि रक्ताची दुर्गंधी हगवण लागली, तर सलाइनवाचून ते दोन-तीन दिवसांत कोमेजून जाते.

गाय-म्हैस वारंवार गाभ टाकत असेल तर त्यावरही गोळ्या सुचवल्या जातात. पण त्यामागे ब्रुसेल्ला नावाचा सांसर्गिक रोग असू शकतो. तो माणसालाही होतो. महिनोन्‌महिने ताप आणि सांधेदुखी मागे लावतो. पडलेला गर्भ आणि जार उघड्या हाताने कधीही उचलू नये आणि रक्ताची तपासणी करून घ्यावी. इथे गोळी देत बसणे म्हणजे रोग घरात ठेवून घेणे होय.

पिसाळलेल्या कुत्र्याशी प्रयोग नको

एक गोष्ट मात्र मी विनंती म्हणून नव्हे, बजावून सांगतो. रेबीजवर होमिओपॅथी नाही. झाडपाला नाही, गंडादोरा नाही, देवऋषीही नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस असो वा जनावर, वाचणे जवळजवळ अशक्य असते. ‘रेबीज होऊ नये म्हणून’ गोड गोळ्या किंवा ‘होमिओपॅथिक लस’ कुणी देत असेल, तर ती घेऊन घरी निर्धास्त बसू नका. लस म्हणून शरीरात संरक्षण तयार करण्याचे काम या गोळ्या करतात, असे कोणत्याही भरवशाच्या तपासणीत दिसलेले नाही.

कुत्र्याला वयाच्या तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस द्यावी, पुढे पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणे बूस्टर आणि दरवर्षी एक. माणसाला कुत्रे चावले तर जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी, हळद-चुना-तिखट भरू नये आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. लशीचे सगळे डोस पूर्ण करावेत. जखम खोल असेल तर लशीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही लागते. जनावराला चावले तरी जखम अशीच धुऊन त्यालाही लस टोचून घ्यावी.

आणखी एक सावधगिरी. गाय किंवा म्हैस लाळ गाळते, विचित्र हंबरते, गिळू शकत नाही, तेव्हा ‘घशात काही अडकले’ म्हणून आपण तोंडात हात घालतो. ती पिसाळलेली असू शकते. गोळी चारण्यासाठीसुद्धा अशा जनावराच्या तोंडात हात घालू नका.

कायदा काय म्हणतो?

भारतीय पशुवैद्यकीय परिषद अधिनियम १९८४ प्रमाणे जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला आहे. होमिओपॅथीची पदवी ही माणसांच्या उपचारासाठी असते. माणसांचे होमिओपॅथ कितीही अनुभवी असले, तरी गायीचे चार कप्प्यांचे पोट, तिचा माज, तिची वेत, यांचे शिक्षण त्यांच्या अभ्यासक्रमात नसते. माझे अनेक होमिओपॅथ स्नेही हे स्वतःच ओळखून आहेत आणि जनावराचा विषय निघाला की पशुवैद्याकडे बोट दाखवतात. ही सचोटी आहे. नोंदणीकृत पशुवैद्यकाने स्वतः तपासून, इतर उपचारांबरोबर होमिओपॅथी दिली तर निदान रोग काय आहे हे कुणीतरी पाहिलेले असते. दुकानदाराने किंवा मोबाईलने दिलेल्या औषधात तेवढेही नसते.

मालकांनी एवढे करावे

१) आधी निदान, मग औषध. ‘कोणते औषध’ हे विचारण्यापूर्वी ‘कोणता रोग’ हे विचारा.

२) घरात एक थर्मामीटर ठेवा आणि गुदद्वारातून तापमान घ्यायला शिका. गाय-म्हैस साधारण १०१ ते १०२, शेळी १०२ ते १०३.५, कुत्रे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे ठीक समजावे. १०४ च्या वर किंवा १०० च्या खाली गेल्यास थांबू नका.

३) रवंथ बंद, चारापाणी बंद, उठता न येणे, श्वासाला घरघर, लघवी लाल, हगवणीत रक्त, कळा येऊन तासाभरात वासरू पुढे न सरकणे: यांपैकी एकही दिसले तर गोळी, काढा, भगत सगळे बाजूला ठेवून पशुवैद्याला बोलवा.

४) आडव्या पडलेल्या जनावराला नाळीने किंवा बाटलीने काहीही पाजू नका. औषध फुफ्फुसात उतरते आणि रोगाने न मरणारे जनावर त्या ठसक्याने मरते.

५) लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, लम्पी, शेळ्यांची पीपीआर आणि आंत्रविषार यांच्या लशी वेळच्या वेळी टोचून घ्या. घटसर्प-फऱ्याची लस पावसाळ्याच्या आधी. लाळ्या-खुरकुताची लस केंद्राच्या २०१९ सालच्या कार्यक्रमातून मोफत मिळते. तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही.

६) चालू असलेले इंजेक्शन किंवा गोळ्यांचा कोर्स ‘आता होमिओपॅथी सुरू केली’ म्हणून मध्येच तोडू नका. आणि काही देत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

७) प्रतिजैविक दिल्यावर दूध किती दिवस डेअरीला घालायचे नाही, ते डॉक्टरांना विचारा आणि पाळा.

८) किरकोळ दुखण्यावर उच्च नंबरच्या गोळ्या द्यायच्याच असतील तर माझे भांडण नाही, पण मुदत आधीच ठरवा. एक दिवस म्हटले तर एकच दिवस. गुण नाही आला तर नंबर बदलून पाहण्यात आठवडा घालवू नका.

सरकारलाही दोन शब्द

सगळा बोजा मालकावर टाकून मोकळे होता येणार नाही. पशुवैद्य वेळेवर पोहोचत नसेल, तर माणूस जवळच्या शिशीकडे वळणारच. दवाखान्यांतल्या रिकाम्या जागा भरणे, औषधे आणि लशी मुदतीत पोहोचवणे, फिरत्या दवाखान्याची गाडी खरोखर फिरती ठेवणे, हे केल्याशिवाय नुसती जनजागृती कोरडी आहे. आपल्या शेजारी अकोल्याला पशुवैद्यकांचे उच्च शिक्षण देणारी संस्था आहे. तिथल्या तज्ज्ञांची शिबिरे जानेफळसारख्या गावांत वर्षातून दोनदा झाली, तर लोकांचे पुष्कळ गैरसमज दूर होतील. ग्रामपंचायतींनी आणि दूध संस्थांनी याची मागणी लावून धरली पाहिजे.

तोवर प्रत्येक गोठ्याच्या भिंतीवर खडूने दोन नंबर लिहून ठेवा. एक जवळच्या पशुवैद्यकाचा आणि दुसरा १९६२. हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नि:शुल्क क्रमांक आहे. रात्री गाय पडली, शेळी फुगली, की पहिला फोन तिथे लावा. शिशी शोधायला कंदील किंवा मोबाईलचा उजेड नंतर लावता येईल.